घरगुती व थ्री-फेज वीजपुरवठा

घरगुती व थ्री-फेज वीजपुरवठा : एकाच वितरणव्यवस्थेची दोन रूपे. घरातला २३० व्होल्टचा सिंगल-फेज पुरवठा आणि पिठाच्या गिरणीला किंवा शेतपंपाला लागणारा सुमारे ४०० व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा एकाच रोहित्रातून निघतात. घरात येतो तो तीनपैकी एक फेज आणि सोबत न्यूट्रल.

वीजकेंद्रातील जनित्रात तीन वेटोळी १२० अंशांच्या अंतराने बसवलेली असतात. त्यांत सारखाच, पण एकामागून एक असा प्रत्यावर्ती दाब निर्माण होतो. भारतात हे चक्र सेकंदाला ५० वेळा फिरते. सिंगल-फेजमधली शक्ती त्यामुळे सेकंदाला १०० वेळा शून्याला टेकते. समतोल भारावर तिन्ही फेजची एकत्रित शक्ती मात्र अखंड सारखी राहते. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत सुमारे १७५ किमी. थ्री-फेज वीज नेण्यात आली, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

महाराष्ट्रातील खेड्यात ज्याला डीपी म्हणतात त्या रोहित्राकडे ११ किलोव्होल्टच्या तीनच तारा येतात. न्यूट्रल तिथेच तयार होतो : दुय्यम बाजूच्या तीन वेटोळ्यांची एकेक टोके एकत्र बांधून तो बिंदू जमिनीला जोडतात. कोणताही फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्ट, तर कोणत्याही दोन फेजमध्ये त्याच्या १.७३ पट, म्हणजे सुमारे ४०० व्होल्ट मिळतात.

लोक फेजला भितात आणि न्यूट्रलकडे दुर्लक्ष करतात. सर्वाधिक नुकसान मात्र न्यूट्रल तुटल्यावर होते. वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे घेऊ. एकात १००० वॉटची इस्त्री चालू आहे, दुसऱ्यात १०० वॉटचा दिवा. रोहित्राकडचा सामाईक न्यूट्रल तुटला की ही दोन्ही उपकरणे एकामागे एक जोडल्यासारखी ४०० व्होल्टवर येतात. इस्त्रीला जेमतेम ३६ व्होल्ट उरतात आणि दिव्यावर ३६४ व्होल्ट पडतात. गल्लीतले टीव्ही एकाच वेळी जळतात ते बहुधा यामुळे. भार तिन्ही फेजवर सारखा वाटलेला असेल तर न्यूट्रलमधून जवळपास प्रवाह वाहत नाही. म्हणून नवी जोडणी देताना वायरमनने कोणता फेज निवडला याला फार महत्त्व आहे.

घरात मीटरनंतर मेन स्विच व एमसीबी असतात. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखते. माणसाला बसणारा धक्का तिला कळत नाही. त्यासाठी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहणारे, ३० मिलिअँपिअरच्या आतच्या गळतीला तुटणारे आरसीसीबी लागते. दिव्याचे बटण फेजच्या तारेतच हवे. न्यूट्रलमध्ये असले तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंत राहतो.

थ्री-फेजचे खरे सामर्थ्य मोटरीत दिसते. तीन फेज मिळून फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करतात, त्यामुळे मोटर आपोआप सुरू होते. छताच्या पंख्याला त्यासाठी कंडेन्सर लागतो. पाच एचपीचा पंप थ्री-फेजवर दर तारेतून सुमारे साडेसात अँपिअर घेतो, सिंगल-फेजवर तेवढ्याच कामाला तिप्पट घेईल. कोणतेही दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. रोहित्र बदलल्यावर पंप चालतो पण पुरेसे पाणी चढत नाही, तेव्हा आधी हेच तपासावे. चालू मोटरीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोहोंवर ती गुरगुरत तापते आणि वेटोळे जळते. म्हणून एक फेज गेला की मोटर बंद पाडणारा प्रिव्हेंटर स्टार्टरला जोडतात.

शेतीच्या वाहिन्यांवर थ्री-फेज ठरावीक तासच आणि अनेक ठिकाणी पाळीने रात्रीही मिळते. वीज येताच पंप आपोआप चालू व्हावा म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतात. सर्व पंप एकदम सुरू झाले की सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कैक पट होतो आणि डीपी जळते. पण हा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे : अंधारात, थंडीत, साप-विंचवांच्या बांधावरून बटण दाबायला जाणे कोणाला हवे असते? दिवसा पाणी देता यावे यासाठी राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्यात उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पांतून शेतीच्या वाहिन्यांना वीज दिली जाते.