“प्रेरणादायी!” म्हणण्याआधी

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने फेलोशिपच्या अर्जासाठी लिहिलेला ‘माझा शैक्षणिक प्रवास’ मला वाचायला पाठवला. मी लगेच लिहिलं, “खूप प्रेरणादायी!” तिचा रिप्लाय आला, “ते ठीक आहे, पण निबंध कसा झालाय?” मी गप्प. एम.एस्सी.त प्रॅक्टिकलच्या रिपोर्टमधल्या चुका काढायला शिकलो होतो. कुणाच्या आयुष्याबद्दलचं लिखाण कसं तपासायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मला वाट सापडली ती नागपूरच्याच एका लेखिकेकडे. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ साली प्रकाशित झालं. त्यात संस्कृत शिकण्याच्या अनुभवावर एक लेख आहे. त्याची सुरुवातच लोकांनी केलेल्या कौतुकाने होते. महार समाजातली बाई संस्कृत शिकवते, याचं लोकांना केवढं आश्चर्य! पण आश्चर्य वाटतं याचाच अर्थ, हे तिचं काम नव्हे असं आधीच गृहीत धरलेलं असतं. हे वाचलं आणि माझं ‘प्रेरणादायी’ आठवलं. मीही माणसाला दाद दिली होती, लिखाण वाचलंच नव्हतं.

लिखाण म्हणून वाचलं की काय दिसतं? सनातनी वाटणारे गोखले गुरुजी तिला मनापासून संस्कृत शिकवतात, म्हणजे लेखिका स्वतःचा अंदाजही चुकलेला दाखवते. एम.ए. होऊनही नोकरी मिळत नाही. आंतरजातीय लग्नानंतर मिळते. मग प्रश्न उरतो: नोकरी कुणाला मिळाली, कुमुद सोमकुवरला की कुमुद पावडेला? सगळा राग एका आडनावाच्या बदलात मावतो. अभिप्राय द्यायचा तो अशा जागांवर.

त्यातून मी स्वतःसाठी तीन नियम केले. अनुभव खरा की खोटा, मोठा की छोटा, हे आपण ठरवायचं नाही. कोणत्या ओळीवर थांबलो, ते नेमकं सांगायचं. आणि जिथे कळलं नाही, तिथे दुरुस्ती न करता प्रश्न विचारायचा.

मैत्रिणीला पुन्हा लिहिलं: “तिसऱ्या परिच्छेदात ‘एक वर्ष खंड पडला’ एवढंच आहे. मी तिथे अडलो. कारण सांगायचं की नाही, ते तू ठरव.”

तिने ‘संकटांवर मात करत’ हे शब्द काढले आणि फीचे पैसे नव्हते, असं सरळ लिहिलं. घरची दुसरी एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. ती मीही विचारली नाही.