धनी परगावी असता

परगावी निघताना आपण दाराला कुलूप घालतो आणि किल्ली शेजारच्या विश्वासू माणसाच्या हाती ठेवतो. या दोहोंत घर राखते ते कोण? भोसले घराण्यातील दोन बंधूंच्या चरित्रांत याचे उत्तर सापडते.

केंपेगौडांनी १५३७ साली वसविलेले बंगळूर १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागे ते व्यंकोजीराजांकडे राहिले. परंतु १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेऊन तेथेच गादी मांडली, आणि बंगळूर दूर पडले. इतक्या लांबून ते राखणे कठीण. म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी तीन लाखांना विक्रीची बोलणी चालली. तोच १६८७ च्या जुलैत मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले, आणि पुढे तेवढ्याच रकमेस ते म्हैसूरकरांच्या हवाली केले. कोट होता, वेशी होत्या. धनी मात्र नव्हता.

उलट १६६६ मध्ये शिवाजीमहाराज आग्र्यास गेले, तेथे कैदेत पडले, तरी मागे राज्य विस्कटले नाही. कारभारावर मातोश्री जिजाबाईंची नजर होती; गडागडावर हवालदार, सबनीस व कारखानीस यांत अधिकार वाटलेला असल्याने एकट्याच्या फितुरीने गड जाणे अवघड होते.

विजापूर बुडाल्यावर मोगलांचा लोंढा मोठा होता, हे व्यंकोजींच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. तथापि कुलूप चोराला क्षणभर थोपविते. घर राखतात ती मागे ठेवलेली माणसे.