बाहेर सोडलेल्या हवेचा हिशेब

भोपाळ जंक्शनच्या पूर्वेला, बजरिया-चांदबडच्या पुढे अशोका गार्डनची वस्ती लागते. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला गोविंदपुऱ्याचे कारखाने आणि भेल. या शहरात वायूची आठवण एकच आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि पुढे ५६ पैकी ३६ वॉर्ड सरकारदरबारी गॅसपीडित ठरले.

त्या रात्रीच्या पोटी एक कायदा जन्मला. पर्यावरण संरक्षण कायदा १९ नोव्हेंबर १९८६ पासून लागू झाला. त्याच्याच आधारे २७ जानेवारी १९९४ ची अधिसूचना निघाली: मोठा प्रकल्प हाती घेण्याआधी त्याचे परिणाम तपासा. १९९७ मध्ये त्यात जनसुनावणी आली, सप्टेंबर २००६ मध्ये सगळी चौकट नव्याने बांधली गेली. छिंदवाड्याच्या पेंच-कन्हान खोऱ्यातली, बैतूलकडच्या पाथाखेड्यातली किंवा चंद्रपूर जिल्ह्यातली नवी कोळसा खाण याच चाळणीतून जाते. विषारी वायूमुळे आलेला हा कायदा कोळशातल्या वायूची मात्र फारशी चौकशी करत नाही. का, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

मध्य प्रांतात कोळसा काढायला आधी पुढे सरसावली ती एक खाजगी कंपनी. नरसिंहपूर जिल्ह्यातल्या मोहपानीची खाण १८६२ मध्ये सुरू झाली. वरोऱ्याची खाण मात्र थेट सरकारची. १८७१ मध्ये ती सुरू झाली, तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला आणि १९०६ मध्ये ती बंद पडली. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं, खाण कुणाला आठवत नाही. तिथल्या कोळशाला आपोआप पेट घ्यायची खोड होती, त्यामुळे त्या काळच्या साहेबांना धास्ती होती ती आगीची आणि छत बसण्याची. वातावरण हा शब्द त्यांच्या कागदांत आला असेल तर हवापाण्यापुरताच.

कोळशाच्या थरात मिथेन मुळातच कोंडलेला असतो. थर फोडला, दाब उतरला की तो सुटतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं आणि ठिणगी मिळाली की स्फोट. इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत १८१२ मध्ये असे ९२ जण गेले. तीन वर्षांनी हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा केला. दिव्याची ज्योत बारीक करून तिच्यावर चढणारी फिकट निळी टोपी पाहायची आणि तिच्या उंचीवरून गॅस किती ते ताडायचं, ही विद्या भारतीय खाणीतल्या मायनिंग सरदारांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरली.

धडे महाग पडले. १९ फेब्रुवारी १९५८ ला आसनसोलजवळच्या चिनाकुरी खाणीत स्फोट होऊन पावणेदोनशे माणसं मेली. २८ मे १९६५ ला धोरी खाणीत २६८. तिथे कोळशाच्या भुकटीने घात केला.

त्यामुळे खाणीच्या नियमांत मिथेनला मोठा मान आहे. गॅसनुसार थरांच्या तीन डिग्री ठरतात: एका टनामागे एक घनमीटरहून कमी सुटला तर पहिली, दहापर्यंत दुसरी, त्याच्या वर तिसरी. परतीच्या हवेत तो पाऊण टक्क्याहून आणि खाणीत कुठेही सव्वा टक्क्याहून जास्त नको. माणशी मिनिटाला सहा घनमीटर हवा आत पोचली पाहिजे. मग करायचं काय, तर अजस्र पंखा लावायचा, ताजी हवा एका वाटेने ओढायची आणि गॅस पातळ करून दुसऱ्या वाटेने बाहेर फेकायचा. पाऊण टक्क्याच्या आत असलेली हवा बाहेर पडली की नियम पाळला गेला. आतल्या माणसाच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही. उलट हा पंखा बंद पडणं म्हणजेच संकट.

पण बाहेर पडलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास उष्णता धरतो. हा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कुणावरच पडली नाही. देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत बारा प्रदूषकं आहेत: धूळ, सल्फर, नायट्रोजनची संयुगं, अमोनिया, बेंझीन, अगदी निकेलसुद्धा. मिथेन नाही. पर्यावरण अहवालात खाणीची डिग्री लिहिलेली असते, ती बहुधा सुरक्षेच्या पानावर.

त्यात मालकीचा घोळ. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि कोळसा सरकारचा झाला, पण कोळशातला वायू कायद्याने नैसर्गिक वायूत मोडतो, म्हणजे तो पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत. १९९७ च्या धोरणाने त्याचे वेगळे ब्लॉक आखले. शहडोलजवळच्या सोहागपूर ब्लॉकमधून रिलायन्सने २०१७ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू केलं आणि ३०२ किलोमीटरच्या नळातून तो वायू फुलपूरकडे जाऊ लागला. कोल इंडियाला मात्र स्वतःच्याच खाणपट्ट्यातला मिथेन काढायची मुभा मिळाली ती २०१५ मध्ये. तोवर हवेत सोडण्याला परवानगी लागत नव्हती, विकायला लागत होती! धनबादजवळच्या मुनिडीहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मिथेनवर वीज करून पाहिली गेली. प्रयोग जमला, पण त्याचं लोण पसरलं नाही.

खाणीतून सुटणाऱ्या मिथेनच्या हिशेबाचा वाद अमेरिकेत कोर्टात गेला. कोलोरॅडोच्या वेस्ट एल्क खाणीला सरकारी जंगलाखालचा आणखी कोळसा हवा होता आणि मिथेन बाहेर काढायला जंगलात रस्ते आणि विंधनविहिरीही. वन खात्याने रोजगार आणि महसुलाचा फायदा डॉलरमध्ये मांडला. उत्सर्जनाचा तोटा मात्र मोजता येत नाही म्हणून सोडून दिला. जून २०१४ मध्ये न्यायाधीश ब्रूक जॅक्सन यांनी ही एकतर्फी आकडेमोड मान्य केली नाही. भोपाळमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मध्य विभागीय पीठ बसतं, त्याच्या पुढ्यात ठेवण्याजोगा हा युक्तिवाद आहे.

आता तर पंखाही राहिला नाही. देशातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. धनबादच्या केंद्रीय खनन संशोधन संस्थेच्या गुणकांनुसार तिसऱ्या डिग्रीच्या भूमिगत खाणीत टनामागे २३.६४ घनमीटर मिथेन सुटतो, उघड्या खाणीत १.१८. दर टनी किरकोळ, पण टन कोट्यवधी, आणि तो सुटतो मैलोन्‌मैल पसरलेल्या कड्यांतून. तिथे यंत्र लावायचं कुठे? म्हणून टनाला गुणकाने गुणायचं. जनसुनावणीच्या मांडवात धूळ, ब्लास्टिंगचे हादरे, आटलेल्या विहिरी आणि नोकऱ्यांवर लोक तावातावाने भांडतात, आणि ते रास्तच आहे. मिथेनबद्दल कुणी विचारलंच, तर अधिकाऱ्याला दाखवता येईल तो गुणाकार.