कप्पे आणि क्रम

छापील शब्दकोशात शब्द चटकन सापडतो, कारण शब्द क्रमाने लावलेले असतात. संगणकातला ‘शब्दकोश’ बहुतेक वेळा नेमका उलटा चालतो. तिथे क्रम मोडून टाकला म्हणूनच शोधणं झटपट झालं. हा मोडलेला क्रम परत मिळवण्याची खटपट मात्र बरीच वर्षं चालली.

आधी ही युक्ती समजून घेऊ. शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलं आहे असं धरा. वर रजिस्टर क्रमांक, खाली मुलाची माहिती. ज्यावरून शोधायचं तो क्रमांक म्हणजे ‘किल्ली’ आणि माहिती म्हणजे ‘मूल्य’. आता ० ते ९ असे दहा कप्पे घ्या आणि क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे कार्डं टाकत जा. ३२४७ हवं असेल तर ७चा कप्पा उघडायचा, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. ११८७सुद्धा त्याच कप्प्यात असेल, म्हणून आत थोडी शोधाशोध होईल. पण कार्डांबरोबर कप्पेही वाढवत नेले, तर कार्डं हजार असोत की लाख, शोधायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी ही कल्पना जानेवारी १९५३मध्ये कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात मांडली. लून मूळचे जर्मन, कापड उद्योगातून आलेले. क्रेडिट कार्डाचा क्रमांक चुकला आहे का हे शेवटच्या अंकावरून ताडून पाहण्याची रीतही त्यांचीच. किल्लीवरून कप्पा ठरवण्याला पुढे ‘हॅशिंग’ नाव पडलं. हॅश म्हणजे बारीक चिरून एकत्र केलेलं. नाव चपखल आहे. खिमा पाहून मूळ तुकडे कसे होते ते सांगता येत नाही, तसंच कप्पे पाहून मूळ क्रम कळत नाही.

किल्ली म्हणजे आकडाच हवा असं नाही. नाव, तारीख, नकाशावरचा बिंदू, काहीही चालेल. स्मॉलटॉक, जावा, पायथन अशा भाषांमध्ये अशी प्रत्येक गोष्ट ‘ऑब्जेक्ट’ असते आणि तिलाच प्रश्न विचारता येतात. कप्प्यात टाकताना विचारायचं, ‘तुझा कप्पा कोणता?’ क्रम लावताना विचारायचं, ‘तू याच्या आधी की नंतर?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकट्याला देता येतं. दुसऱ्याला दोघं लागतात, आणि त्याला उत्तर असेलच असं नाही. अकरावीत भेटणाऱ्या संमिश्र संख्याच घ्या. पायथनमध्ये त्या किल्ली म्हणून खुशाल चालतात, पण त्यांना चढत्या क्रमाने लावायला सांगितलं तर पायथन चक्क नकार देतं!

डिसेंबर १९९८मध्ये आलेल्या जावा १.२ने दोन वेगळ्या सोयी दिल्या. ‘हॅशमॅप’ म्हणजे कप्पे. ‘ट्रीमॅप’मध्ये किल्ल्या झाडाच्या फांद्यांसारख्या, कायम क्रमाने राहतात. अशी तोल सांभाळणारी झाडं सोव्हिएत गणितज्ञ आदेल्सन-वेल्स्की आणि लांडिस यांनी १९६२मध्येच सुचवली होती. दहा लाख किल्ल्यांतून हवी ती शोधायला ट्रीमॅपला वीस ते चाळीस तुलना पुरतात. वाईट नाही, पण कप्प्यांइतकं झटपटही नाही.

कप्प्यांचा क्रम भरवशाचा नाही हे पुस्तकांत लिहिलेलं असायचं. तरी तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की यादी त्याच क्रमाने यायची, आणि लोक नकळत त्यावर विसंबायचे. डिसेंबर २०११मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोघा संशोधकांनी दाखवलं, की मुद्दाम एकाच कप्प्यात पडतील अशा किल्ल्या पाठवून सर्व्हर ठप्प करता येतो. दहा हजार किल्ल्या एकाच कप्प्यात भरताना सुमारे पाच कोटी तुलना होतात! तसा इशारा क्रॉस्बी आणि वॉलाक यांनी २००३मध्येच दिला होता, पण पर्लसारख्या मोजक्या भाषांनीच तेव्हा तो मनावर घेतला. आता उपाय म्हणून पायथन ३.३ने (२०१२) कप्पा ठरवताना दर वेळी एक नवी गुप्त संख्या मिसळायला सुरुवात केली. त्यामुळे यादीचा क्रम दर वेळी बदलू लागला आणि योगायोगावर उभे असलेले प्रोग्रॅम कोलमडले. आमच्या मते हे झालं ते बरंच झालं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेमंड हेटिंगर यांनी वेगळी मांडणी सुचवली. कार्डं आली तशी एका वहीत ओळीने लिहायची आणि कप्प्यात फक्त ओळीचा क्रमांक टाकायचा. हेतू जागा वाचवण्याचा होता. डिसेंबर २०१६च्या पायथन ३.६मध्ये ती २० ते २५ टक्के वाचलीही. पण वही वाचत गेलं की नोंदी आल्या त्याच क्रमाने मिळतात, म्हणजे क्रम फुकटात हाती आला! वर्षभराने भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी तो कायमचा नियम ठरवला, आणि २०१८च्या पायथन ३.७पासून तशी हमी आहे.

अर्थात आल्याचा क्रम म्हणजे अकारविल्हे किंवा गुणानुक्रम नव्हे. त्यासाठी आजही सगळ्या जोड्या बाहेर काढून, क्रमाने लावून, नव्या शब्दकोशात पुन्हा भराव्या लागतात. हे काम पायथनमध्ये टिम पीटर्स यांनी २००२मध्ये लिहिलेली ‘टिमसॉर्ट’ ही रीत करू लागली. २०११मध्ये जावानेही ऑब्जेक्टसाठी ती घेतली. या रीतीत बरोबरीच्या नोंदींचा आधीचा क्रम ढळत नाही. म्हणून वर्गाची यादी आधी नावाने आणि मग गुणांनी लावली, तर ७२ गुण मिळवणारी तिघं आपापसात नावाच्या क्रमानेच राहतात. आधी गुण आणि मग नाव असं केलं, तर हाती नुसती नावांची यादी उरते.