गाव न सोडता शहरात

'शहर बरं की गाव?' हा प्रश्न थेरगावच्या जुन्या घरांना विचारून उपयोग नाही. त्यांनी गाव सोडलंच नाही. शहरच पवना ओलांडून आलं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी. १९७० ची नवनगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि शेतांच्या जागी सोसायट्या!

आम्ही बाहेरून आलेले. नोकरी, शाळा, दवाखाना हाताशी... मला तरी शहरच आवडतं. पण आमच्या आवडीला दुसऱ्याचं गाव लागलं, हेही खरं. सातबाऱ्यावर नाव होतं त्यांना निदान पैसे मिळाले. त्यांच्या शेतात राबणाऱ्यांना काय मिळालं?

असो. डांगे चौकातल्या एवढ्या गर्दीत राहूनही इथले लोक अजून म्हणतात, "जरा पुण्याला जाऊन येतो."