थिजणारं डिझेल आणि ग्लासगोचा ‘पॅराफिन यंग’

मंडळी, पुण्या-नाशिकच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवायचं काम आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केलेलं आहे. तेल थिजलं म्हणून ते कोणी फेकून देत नाही. जरा ऊब मिळाली की पुन्हा पातळ होतं. डिझेलचंही तसंच. फरक इतकाच, की खोबरेल थिजलं तर वेणी घालायला उशीर होतो आणि ट्रकच्या टाकीतलं डिझेल थिजलं तर दूध, औषधं आणि आपल्या भारतीय दुकानातली भेंडी, सगळंच वाटेत अडकतं.

ग्लासगोच्या हिवाळ्यात सहसा अशी वेळ येत नाही. का येत नाही, हे शोधायला निघालं तर वाट याच शहरातल्या एका सुताराच्या मुलापाशी पोहोचते. आणि गंमत म्हणजे त्याला तेल थिजायलाच हवं होतं!

आधी थोडं रसायनशास्त्र. डिझेल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातल्या लांब, सरळ साखळीच्या रेणूंना पॅराफिन म्हणतात. हेच ते मेणबत्तीचं मेण. ते इंजिनात उत्तम पेटतं, म्हणून सगळं काढून टाकणंही परवडत नाही. पारा उतरू लागला की आधी डिझेल गढूळ दिसतं. या तापमानाला ‘क्लाउड पॉइंट’ म्हणतात. मग मेणाचे चपटे स्फटिक वाढतात, फिल्टरवर जाऊन बसतात आणि इंजिनाची उपासमार होते. आणखी थंडी वाढली की सगळ्याचीच जेली!

आता त्या सुताराच्या मुलाकडे वळू. जेम्स यंगचा जन्म १८११ मध्ये ग्लासगोच्या ड्रायगेट भागातला. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करायचं आणि संध्याकाळी अँडरसन्स युनिव्हर्सिटीत, म्हणजे आजच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या पूर्वज संस्थेत, थॉमस ग्रॅहम यांच्या रसायनशास्त्राच्या वर्गाला बसायचं. आफ्रिकेचा प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन हा त्याचा तिथलाच मित्र. पुढे यंगने त्याच्या मोहिमांना पैसाही पुरवला.

१८४७ मध्ये लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने यंगला कळवलं, की डर्बीशायरमध्ये ॲल्फ्रेटनजवळच्या एका कोळशाच्या खाणीत तेल झिरपतंय. (हे प्लेफेअर जन्माने आपल्या भारतातले, चुनारचे!) यंगने तिथे तेल शुद्ध करायचा छोटा कारखाना काढला. एके दिवशी तो प्लेफेअरकडे तक्रार घेऊन आला, की तेल गढूळ होतंय. प्लेफेअरनी ओळखलं, हे पॅराफिन! त्या मेणाच्या दोन मेणबत्त्या करवून घेऊन त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या आपल्या व्याख्यानात त्या लावल्या. आम्ही कॉम्प्युटरवाले ज्याला ‘बग नव्हे, फीचर’ म्हणतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आज ज्या गढूळपणाला ट्रकवाले घाबरतात, त्यात यंगला बाजारपेठ दिसली.

खाणीतलं तेल लवकरच आटलं. पण कोळसा मंद आचेवर तापवून तसंच तेल काढता येतं, हे यंगने शोधलं आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं. १८५१ मध्ये ग्लासगो आणि एडिंबराच्या मधोमध बाथगेटला कारखाना सुरू झाला. पुढे कोळशाऐवजी तेलधारी शेल दगड वापरात आला. दिव्याचं तेल आणि मेण यांच्या जोरावर यंगचं नावच ‘पॅराफिन यंग’ पडलं. आपण ज्याला रॉकेल म्हणतो, त्याला इथे अजूनही पॅराफिन म्हणतात, त्याचं मूळ हे.

मेण वेगळं काढायचं तर तेल गार करायला हवं. हिवाळ्यात हे काम स्कॉटलंडची हवा फुकट करून देते, पण उन्हाळ्यात काय? ईथरवर चालणारं शीतयंत्र वापरून पाहिलं, पण ईथर भसकन पेट घेणारं. तेलाच्या कारखान्यात ते धोक्याचंच. तेव्हा यंगचा इंजिनिअर अलेक्झांडर कार्नेगी कर्क याने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला डोकं लढवलं. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याच्या १८१६ च्या हवेवर चालणाऱ्या इंजिनाचं चक्र त्याने उलटं फिरवलं आणि नुसत्या हवेने थंडी निर्माण केली! म्हणजे हिवाळा डिझेलच्या टाकीत जे नको ते करतो, तेच हा माणूस मुद्दाम यंत्राने करत होता. कुठल्या तापमानाला किती मेण बाहेर पडतं, हे ज्ञान या लोकांनी मेण विकण्यासाठी मिळवलं. डिझेल इंजिन यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती.

या कहाणीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत जातो. १८८६ मध्ये ग्लासगोतले व्यापारी डेव्हिड कारगिल यांनी बर्मा ऑइल कंपनी स्थापन केली. ब्रह्मदेशातलं तेल भरपूर मेणाचं. त्यातून निघालेलं रॉकेल आणि मेणबत्त्या हिंदुस्थानात खपू लागल्या. १९२८ मध्ये बर्मा-शेल झाली, १९५५ मध्ये माहुलची रिफायनरी सुरू झाली आणि १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आजची भारत पेट्रोलियम ती हीच.

मग आज डिझेल थिजू नये म्हणून काय करतात? एक, हिवाळ्यासाठी हलक्या अंशाचं, कमी मेणाचं डिझेल बनवतात. दोन, त्यात अगदी थोडं रसायन घालतात. ते मेण बनणं थांबवत नाही, पण स्फटिक बारीक ठेवतं. बारीक स्फटिक फिल्टरमधून निसटून जातात. ब्रिटनमध्ये उन्हाळी डिझेल उणे ५ अंशांपर्यंत आणि हिवाळी डिझेल उणे १५ पर्यंत फिल्टरमधून जायलाच हवं, असा दंडक आहे. भारतात सर्वसाधारण हिवाळी डिझेलसाठी ही मर्यादा अधिक ६ अंश! पुण्याला ती पुरते, लडाखला नाही. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं.

पण उणे १५ हीसुद्धा हमी आहे, अभयदान नव्हे. ३० डिसेंबर १९९५ ला स्कॉटलंडच्या उत्तरेला आल्टनाहारा इथे उणे २७.२ अंश नोंदले गेले होते. म्हणून डिझेल गाडीवाल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उन्हाळ्यात भरलेलं डिझेल थंडीआधी संपवावं. आणि घर तापवायचं स्वस्त रॉकेल टाकीत ओतू नये. रॉकेलने डिझेल थिजायचं लांबतं हे खरं, पण त्यावरचा कर कमी असल्याने रस्त्यावरच्या गाडीत ते घालणं इथे गुन्हा आहे. फिल्टर तुंबलाच, तर जाळ दाखवायचा नाही. गाडी उबदार जागी न्यायची. खोबरेलाचाच उपाय!

शेलचा उद्योग १९६२ मध्ये बंद पडला. त्याची माणसं आणि विद्या ज्या कंपनीत गेली, तिची ग्रेंजमाउथची रिफायनरी १९२४ मध्ये उभी राहिली. तिथलं शुद्धीकरणही एप्रिल २०२५ मध्ये थांबलं. आता तिथे तयार इंधन बाहेरून येतं. थंडी मात्र इथलीच राहणार, आणि तिच्यासाठी इंधन कसं जुळवायचं हे हातांना माहीत असलेली माणसं एकेक करून कमी होत आहेत. वाईट वाटतं ते याचं.

एडिंबराला जाताना वेस्ट लोदियनमध्ये लालसर टेकड्या दिसतात. मुलं विचारतात, हे डोंगर कसले? ते डोंगर नव्हेत, तेल काढून उरलेल्या दगडाचे ढीग आहेत. वेस्ट कॅल्डरजवळचे ‘फाइव्ह सिस्टर्स’ तर आता संरक्षित स्मारक आहे. पुढच्या वेळी मुलांना सांगा, की आपल्या दिवाळीतल्या मेणबत्तीचं मेण आणि गाडीच्या फिल्टरमध्ये अडकणारं मेण एकच, आणि त्या दोघांचीही नस ओळखणारा माणूस आपल्याच ग्लासगोचा होता.

शुभ दीपावली!