वनमोजणी ते वन-प्रतिमान : एका गृहीतकाचा इतिहास

प्रस्तावना :

सागाचे झाड तोडण्यायोग्य होण्यास अनेक दशके लागतात. रोप लावणारा अधिकारी आणि वाढलेले झाड तोडणारा अधिकारी हे सहसा एक नसतात. त्यामुळे जंगलाचे भविष्य आधीच सांगता यावे, ही गरज आधुनिक वनव्यवस्थापनाच्या प्रारंभापासूनच होती. या गरजेतून वनविषयक गणिती प्रतिमाने निर्माण झाली. प्रस्तुत लेखात ब्रह्मदेशातील सागवनांच्या मोजणीपासून संगणकीय प्रतिमानांपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेऊन, या गणिताने काय गृहीत धरले व काय वगळले, याचा विचार केला आहे.

पेगूमधील मोजणी :

१८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर पेगू प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५६ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांची तेथील वनांचे अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. ठरावीक रेषेने जंगल पार करीत त्यांनी सागाची झाडे घेरानुसार वर्गवार मोजली आणि त्यांची नोंद बांबूच्या कांड्यांवर खाचा पाडून ठेवली. लहान घेराच्या झाडास वरच्या वर्गात जाण्यास किती वर्षे लागतात, यावरून वार्षिक तोडीची मर्यादा ठरविण्यात आली. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि ही पद्धती कार्य आयोजनांच्या रूपाने देशभर रुजली. या हिशेबामागील गृहीतक मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. झाडे आजवर ज्या गतीने वाढली त्याच गतीने पुढेही वाढतील, म्हणजेच हवामान स्थिर राहील, असे ते गृहीतक होय.

वणव्याचा धडा :

हवामान तुलनेने स्थिर असतानाही हे गणित अपुरे ठरले. वणवा हा जंगलाचा शत्रू, या समजुतीने ब्रह्मदेशातील सागवने जाळरेषा आखून संरक्षित करण्यात आली. परंतु आर्द्र प्रदेशात आग थांबताच बांबू व इतर झाडोरा माजला आणि सागाची नैसर्गिक रोपनिर्मिती खुंटली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोठ्या क्षेत्रावरील हे संरक्षण मागे घ्यावे लागले. झाडांची संख्या मोजली गेली होती. झाडे, आग आणि माणूस यांचे परस्परसंबंध मोजले गेले नव्हते.

संगणकीय प्रतिमाने :

हे परस्परसंबंध गणितात आणण्याचे काम संगणकामुळे शक्य झाले. १९७२ मध्ये बॉटकिन, जॅनक आणि वॉलिस यांनी अमेरिकेतील हबर्ड ब्रूक येथील जंगलासाठी 'जाबोवा' हे प्रतिमान प्रसिद्ध केले. लहान भूखंडावरील प्रत्येक झाडाची वाढ प्रकाश, उष्णता व ओलावा यांवर अवलंबून ठेवल्यामुळे तापमान बदलून पाहणे प्रथमच सुलभ झाले. १९९० च्या दशकात विस्कॉन्सिन येथे म्लाडेनॉफ व सहकाऱ्यांनी 'लँडिस' विकसित केले. त्यात संपूर्ण भूदृश्याचे चौकोन पाडून बीजप्रसार, वणवा, वादळ आणि तोड यांचा शतकानुशतकांचा परिणाम एकत्र अभ्यासता येऊ लागला. ब्रँडिस यांच्या काळी स्थिर मानलेली गोष्ट येथे चल राशी बनली.

भारतीय अनुभव :

भारतात रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'बायोम-४' या प्रतिमानाच्या आधारे असा अंदाज मांडला की, या शतकाच्या अखेरीस, उत्सर्जनाच्या दोन परिदृश्यांनुसार, देशातील ७७ किंवा ६८ टक्के वनचौकोनांत वनप्रकार बदलण्याची शक्यता आहे. २०११ मध्ये चतुर्वेदी व सहकाऱ्यांनी 'आयबिस' हे गतिमान प्रतिमान वापरले, तेव्हा त्याच दोन परिदृश्यांसाठी हे प्रमाण ३९ व ३४ टक्के आले. या तफावतीवरून प्रतिमाने निरुपयोगी ठरत नाहीत. आकड्याइतकेच त्यामागील गृहीतक महत्त्वाचे असते, एवढेच सिद्ध होते. शिवाय या अभ्यासांचा भर हवामान, माती व वनस्पती यांवर होता. चराई, सरपण वा बांबूतोड यांवर नव्हता. याउलट २००६ च्या वनहक्क कायद्याने व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभांकडेही दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेथील ग्रामसभेचा निर्णय हाही जंगलाच्या भविष्याचा एक घटक आहे.

समारोप :

पेगूच्या गणिताने हवामान स्थिर मानले. उपरोक्त भारतीय प्रतिमानांनी हवामान बदलते मानले, पण माणसाचा वापर चौकटीबाहेर ठेवला. प्रत्येक पिढीने आपल्याला मोजता आले तेच जंगल मानले, असे या इतिहासावरून दिसते. आज लावलेला साग ज्या हवामानात तोडला जाईल, ते आजचे नसेल. म्हणून कार्य आयोजना केवळ मागील वाढीच्या नोंदींवर बेतणे धोक्याचे आहे. तिच्या गृहीतकांची नोंद ठेवणे, अनेक प्रतिमानांचे निष्कर्ष पडताळणे आणि जंगल वापरणाऱ्यांचे ज्ञान त्यात समाविष्ट करणे अगत्याचे ठरते.